मतदानाआधीच ठरलेला निकाल : अमेरिकेतल्या जेरीमँडरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे प्रतिनिधिगृहाची, निवडणूक दर दोन वर्षांनी होते. जागा ४३५, मतदारसंघ ४३५. या मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत तिथले आमदारच आखतात, आणि कुठल्या वस्तीत कुठल्या पक्षाला किती मतं पडतात याची माहिती आखणाऱ्यांच्या संगणकावर गल्लीगणिक असते. २०२५ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने एकमेकांना उत्तर म्हणून नकाशे बदलले, तेव्हापासून हा विषय मराठी वाचकांसमोरही वरचेवर येतो आहे. त्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

जेरीमँडरिंग म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पक्षाला, गटाला किंवा विद्यमान खासदाराला फायदा व्हावा म्हणून मतदारसंघाच्या सीमा मुद्दाम तशा आखणं. यात मतदान खोटं नसतं, मोजणीत गडबड नसते, कुणाचं नाव यादीतून काढलेलं नसतं. प्रत्येक मत नीट मोजलं जातं. तरीही निकाल काय लागणार हे आधीच बऱ्यापैकी ठरलेलं असतं. म्हणूनच ते पकडणं अवघड जातं.

हे नाव कुठून आलं?

१८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या नव्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या लावून सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचं चित्र छापलं. गेरी आणि सॅलमँडर मिळून शब्द तयार झाला. गेरी पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा शब्दच.

सीमा मुळात बदलाव्याच का लागतात? आहेत तशा ठेवल्या तर?

तेही करून झालं आहे, आणि परिणाम वाईट झाला. टेनेसीने १९०१ नंतर साठ वर्षं विधिमंडळाचे मतदारसंघ बदललेच नाहीत. तोवर शहरं फुगली, खेडी रिकामी झाली. खेड्यातल्या मूठभर मतदारांना एक आमदार आणि शहरातल्या कितीतरी पट मतदारांनाही एकच, अशी स्थिती आली. १९६२ च्या 'बेकर विरुद्ध कार' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असल्या तक्रारी न्यायालयं ऐकू शकतात. १९६४ मध्ये 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' खटल्यात काँग्रेसच्या मतदारसंघांचा निकाल लागला. त्या वेळी अटलांटाचा मतदारसंघ जॉर्जियाच्या सरासरी मतदारसंघाच्या दुपटीहून मोठा होता. एका राज्यातले सगळे मतदारसंघ लोकसंख्येने शक्य तितके सारखे हवेत, हे तेव्हापासून बंधनकारक झालं.

त्यामुळे दर दहा वर्षांनी जनगणना झाली की ४३५ जागा राज्यांमध्ये नव्याने वाटल्या जातात आणि प्रत्येक राज्य आपल्या सीमा पुन्हा आखतं. २०२० च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार माणसं येतात. त्या वेळी न्यूयॉर्कची एक जागा अवघ्या ८९ माणसांनी गेली.

सीमा बदलणं आवश्यकच आहे. प्रश्न इतकाच, की पेन्सिल कुणाच्या हातात?

सीमा हलवून निकाल कसा काय बदलतो?

छोटं गणित करून पाहू. एका गावात २५ मतदार आहेत, १० 'क' पक्षाचे आणि १५ 'ख' पक्षाचे. पाच-पाच मतदारांचे पाच प्रभाग करायचे आहेत. 'क'कडे ४० टक्के मतं आहेत, म्हणजे पाचपैकी दोन जागा मिळाल्या तर कुणाची तक्रार असणार नाही.

आता आखणी 'ख'च्या हातात द्या. तो 'क'चे दहा मतदार प्रत्येक प्रभागात दोन-दोन असे पसरवेल. पाचही ठिकाणी ३ विरुद्ध २ असा निकाल लागेल आणि 'क'ला एकही जागा मिळणार नाही. आखणी 'क'च्या हातात दिली तर तो आपले नऊ मतदार तीन प्रभागांत तीन-तीन असे ठेवेल आणि 'ख'चे नऊ मतदार उरलेल्या दोन प्रभागांत कोंबेल. 'क' ४० टक्के मतांवर पाचपैकी तीन जागा जिंकेल.

मतदार तेच, त्यांची मतं तीच. जागा मात्र शून्य, दोन किंवा तीन.

यातल्या पहिल्या युक्तीला अमेरिकेत क्रॅकिंग म्हणतात : विरोधकांची वस्ती फोडायची आणि तिचे तुकडे चार ठिकाणी वाटून टाकायचे. दुसरी पॅकिंग : विरोधकांना एकाच मतदारसंघात इतकं दाटीवाटीने भरायचं की तिथे ते ८० टक्क्यांनी जिंकतील आणि बाकी सगळीकडे हरतील. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र वापरतात. पूर्वी हे काम कागदी नकाशे पसरून चालायचं. आता संगणक थोड्या वेळात हजारो पर्याय काढून देतो आणि आखणारा त्यातला आपल्या सोयीचा निवडतो.

यामुळे सामान्य मतदाराचं काय बिघडतं? शेवटी कुणीतरी खासदार मिळतोच ना?

मिळतो. पण त्याला तुमची गरज उरत नाही. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच आहे.

नॅशव्हिलचं उदाहरण घ्या. टेनेसीची ही राजधानी डेव्हिडसन काउंटीत येते. २०२० मध्ये त्या काउंटीने जवळजवळ दोन तृतीयांश मतं जो बायडन यांना दिली होती. शहराला कैक दशकं आपला एक खासदार होता. २०२२ च्या नकाशात रिपब्लिकन विधिमंडळाने डेव्हिडसन काउंटीचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या विस्तीर्ण ग्रामीण भागाला जोडला. खासदार जिम कूपर यांनी नकाशा पाहून निवडणूक लढवणंच सोडलं. त्या वर्षी तिन्ही जागा रिपब्लिकन पक्षाला गेल्या. लाखो माणसांच्या एका शहराला आज तीन खासदार आहेत, आणि तिघांपैकी कुणाचीही निवडून येण्याची भिस्त त्या शहरावर नाही. शहराच्या वाहतुकीचा, घरभाड्यांचा किंवा पुराचा प्रश्न घेऊन जायचं कुणाकडे? दार तिन्ही ठिकाणी आहे, पण आतल्या माणसाला तुमच्या नाराजीची भीती नाही.

दुसरं उदाहरण उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं. तिथलं नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ. २०१६ च्या नकाशात मतदारसंघाची रेषा थेट त्याच्या आवारातून गेली. रस्त्याच्या एका बाजूच्या वसतिगृहातली मुलं सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूची तेराव्यात. हजारो विद्यार्थ्यांचं एकगठ्ठा मत दोन ठिकाणी विरलं. शिवाय दरवर्षी खोली बदलणाऱ्या मुलांना आपला खासदार कोण हेच नीट कळेना. ती रेषा २०१९ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर हटली.

तिसरा परिणाम हळूहळू होतो. मतदारसंघ एका पक्षासाठी पक्का झाला की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते. खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते. तिथे मतदान खूपच कमी होतं आणि येतात ते बहुतेक पक्षाचे कट्टर समर्थक. खासदाराला मग विरोधी पक्षाची धास्ती राहत नाही, स्वतःच्याच पक्षातल्या जास्त कडव्या उमेदवाराची राहते. दुसऱ्या पक्षाबरोबर तडजोड करून एखादा कायदा मार्गी लावणं त्याला महाग पडू शकतं. आज ४३५ पैकी खरी चुरस साधारण दहातल्या एखाद्या जागी दिसते. याला जेरीमँडरिंग एकटंच कारणीभूत नाही, लोक आपापल्या विचारांच्या माणसांजवळ राहायला जातात हेही एक कारण आहे. पण उरलेली चुरस मारायला आखणी पुरेशी ठरते.

आणि एक. निकाल ठरलेला असेल तर चांगली माणसं उमेदवारीच मागत नाहीत, स्वयंसेवक येत नाहीत, सभा होत नाहीत. मतदाराला कुणी काही विचारायलाच येत नाही. हे नुकसान कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

मतं आणि जागा यांत खरोखर किती तफावत पडते?

२०१२ च्या निवडणुकीत देशभरात प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना रिपब्लिकनांपेक्षा दहा लाखांहून जास्त मतं मिळाली. जागा मात्र रिपब्लिकन २३४, डेमोक्रॅट २०१. त्याआधी २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने 'रेडमॅप' नावाची मोहीम आखून नेमकी त्या राज्यांची विधिमंडळं जिंकली होती जिथे नव्या सीमा आखायच्या होत्या.

पेनसिल्व्हेनियात त्या वर्षी डेमोक्रॅटांना निम्म्याहून किंचित जास्त मतं होती आणि १८ पैकी ५ जागा. फिलाडेल्फियाजवळचा सातवा मतदारसंघ तर इतका विचित्र होता की 'डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी' अशी त्याची ओळख झाली. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला. त्याच वर्षी नव्या नकाशावर निवडणूक झाली आणि जागा ९-९ अशा वाटल्या गेल्या.

उत्तर कॅरोलिना तर या विषयाची चालती प्रयोगशाळाच आहे. २०१२ मध्ये डेमोक्रॅटांना सुमारे ५१ टक्के मतं आणि १३ पैकी ४ जागा. २०२२ मध्ये न्यायालयाने घालून दिलेल्या नकाशावर दोन्ही पक्षांना ७-७. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं बहुमत बदललं, त्याने २०२३ मध्ये आधीचा निकाल फिरवला, विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि २०२४ मध्ये निकाल १०-४ असा लागला. दोन वर्षांत त्या राज्यातले लोक इतके बदलले नव्हते.

हे सगळं रिपब्लिकन पक्षच करतो का?

नाही. ज्याच्या हाती राज्य, तो करतो. मेरीलंडमध्ये २०११ साली डेमोक्रॅटांनी सहावा मतदारसंघ अशा रीतीने बदलला की रिपब्लिकनांचा जुना बालेकिल्ला पडला. तिथल्या तिसऱ्या मतदारसंघाला एका न्यायाधीशांनी पंख मोडलेल्या टेरोडॅक्टिलची, म्हणजे प्राचीन काळच्या उडणाऱ्या सरीसृपाची, उपमा दिली होती. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटांनी २०२१ मध्ये केलेल्या नकाशावर १७ पैकी १४ जागा त्यांच्याकडे आल्या. न्यूयॉर्कमध्येही त्यांनी हाच प्रयत्न केला, पण राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो नकाशा फेटाळला.

गेल्या दीड दशकात रिपब्लिकनांच्या हाती जास्त राज्यांची आखणी होती, म्हणून त्यांचा वाटा मोठा दिसतो. हे सांगायलाच हवं. पण शिकागोच्या उपनगरातला रिपब्लिकन मतदार आणि नॅशव्हिलमधला डेमोक्रॅट मतदार यांचं दुखणं एकच आहे. आपल्या आवडत्या पक्षाने केलं तर चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही.

नकाशा वेडावाकडा दिसला की समजायचं का, की गडबड आहे?

नेहमीच नाही. शिकागोतल्या इलिनॉयच्या चौथ्या मतदारसंघाचा आकार कित्येक वर्षं कानावरच्या हेडफोनसारखा होता. तो १९९० च्या जनगणनेनंतर शहराच्या दोन वेगळ्या भागांतल्या लॅटिनो वस्त्या एकत्र याव्यात आणि त्यांना आपला प्रतिनिधी निवडता यावा म्हणून तसा केला होता. उलट, नीटनेटक्या चौकोनी तुकड्यांचा नकाशाही पक्का पक्षपाती असू शकतो. नॅशव्हिलचे तीन तुकडे पाहायला फारसे विचित्र नाहीत.

जागांचं प्रमाण मतांशी जुळत नाही म्हणजे लबाडी झाली, असंही लगेच म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या नऊही जागा डेमोक्रॅटांकडे आहेत, जरी साधारण एक तृतीयांश मतदार रिपब्लिकनांना मत देतात. तिथे हे मतदार राज्यभर इतके सारखे विखुरलेले आहेत की रिपब्लिकन बहुमताचा एक मतदारसंघ जुळवणंही जवळपास अशक्य, असं गणितज्ञांनी दाखवून दिलं आहे. म्हणून आता अभ्यासक संगणकाकडून पक्षाचा विचार न करता हजारो नकाशे काढून घेतात आणि विधिमंडळाचा नकाशा त्यांच्या तुलनेत किती बाजूला पडतो ते पाहतात. हजारोंत एखादाच तसा निघाला, तर तो आपोआप झालेला नसतो.

मग न्यायालयं हे थांबवत का नाहीत?

पक्षीय जेरीमँडरिंगच्या बाबतीत केंद्रीय न्यायालयांनी हात वर केले आहेत. २७ जून २०१९ रोजी 'रूचो विरुद्ध कॉमन कॉज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की हा राजकीय प्रश्न आहे आणि केंद्रीय न्यायालयं तो सोडवू शकत नाहीत. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिला. अशा आखणीचे परिणाम अन्याय्य वाटतात हे त्यांनी मान्य केलं, पण किती पक्षपात म्हणजे अति, हे मोजायची कायदेशीर फूटपट्टी नाही असं म्हटलं. विरोधी मत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलं. खालच्या न्यायालयांनी अशा फूटपट्ट्या वापरून दाखवल्या होत्या, असा त्यांचा मुद्दा होता.

या खटल्यात उत्तर कॅरोलिनाचा नकाशा होता. तो करताना तिथल्या रिपब्लिकन आमदाराने समितीसमोर उघड सांगितलं होतं, की आपल्याला १० आणि त्यांना ३ जागा मिळतील असा नकाशा करू, कारण ११-२ करणं शक्य आहे असं मला वाटत नाही. हेतू लपवायचा प्रश्नच नव्हता. हे सगळं समोर असूनही न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. त्या निकालाने मतदाराला सगळ्यात जास्त गरज असताना एकटं पाडलं, असं मला आजही वाटतं.

राज्यांची न्यायालयं मात्र आपापल्या राज्यघटनेच्या आधारे नकाशे रद्द करू शकतात, आणि २०२३ च्या 'मूर विरुद्ध हार्पर' निकालाने तो मार्ग शाबूत ठेवला. अडचण एवढीच, की बऱ्याच राज्यांत न्यायाधीशही निवडून येतात. उत्तर कॅरोलिनात काय झालं ते वर आलंच आहे.

वंशाच्या आधारे आखणी केली तर?

तो वेगळा कायदा आहे आणि त्याचा इतिहास रक्ताचा आहे. दक्षिणेकडच्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी वापरलेल्या उपायांवर १९६५ चा मताधिकार कायदा आला. अल्पसंख्याकांची ताकद पातळ होईल अशा आखणीविरुद्ध त्यातल्या कलम २ चा आधार घेतला जाऊ लागला. दुसऱ्या बाजूने, सीमा आखताना वंश हाच मुख्य निकष ठेवला तर तेही घटनाबाह्य ठरू शकतं, असं १९९३ च्या 'शॉ विरुद्ध रीनो' निकालापासून मानलं जातं. या दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेवरून राज्यांना चालावं लागतं.

अलाबामात सुमारे २७ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, पण सातपैकी एकाच मतदारसंघात ते बहुसंख्य होते. जून २०२३ मध्ये 'ॲलन विरुद्ध मिलिगन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २ चं उल्लंघन असल्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय ५-४ ने कायम केला. राज्याने तरीही न्यायालयाला हवा तसा नकाशा केला नाही. शेवटी खालच्या न्यायालयाने आपला नकाशा लावला आणि २०२४ मध्ये नव्याने आखलेल्या दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले. याच कलमाचा वाद लुइझियानाच्या नकाशावरून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर दुसऱ्यांदा युक्तिवाद झाले.

गुंता असा, की दक्षिणेत वंश आणि पक्ष यांचं नातं फार घट्ट आहे. कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅट. म्हणून राज्यं न्यायालयात सांगतात, 'आम्ही कृष्णवर्णीयांना नाही, डेमोक्रॅटांना फोडलं.' २०१९ नंतर हे उत्तर कामी येतं. ज्याची वस्ती फुटली त्याच्या दृष्टीने मात्र त्यात काही फरक नाही.

२०२५ मध्ये नेमकं काय झालं? जनगणना तर २०३० मध्ये आहे ना?

हो, म्हणूनच ते गंभीर होतं. दशकाच्या मध्ये सीमा बदलायला केंद्रीय कायद्याची बंदी नाही. टेक्सासने २००३ मध्ये ते केलं होतं आणि तेव्हा गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार शेजारच्या ओक्लाहोमात निघून गेले होते. २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने पुन्हा नकाशा उघडला आणि आणखी पाच जागा रिपब्लिकनांकडे याव्यात अशी आखणी केली. या वेळीही डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, नकाशा काही दिवस अडला आणि ऑगस्टमध्ये मंजूर झाला.

उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅटांना पाच जागांचा फायदा देणारा नकाशा जनतेपुढे ठेवला. ४ नोव्हेंबरला हा 'प्रस्ताव ५०' मोठ्या बहुमताने मंजूर झाला. मिसूरीने कॅन्सस सिटीची फोड केली, उत्तर कॅरोलिनानेही आणखी एक जागा लक्ष्य केली.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांना दोष देणं मला कठीण जातं, कारण समोरचा थांबायला तयार नसताना एकट्याने नियम पाळल्याची किंमत त्यांना दिसत होती. तरीही तिथल्या ग्रामीण रिपब्लिकन मतदाराने टेक्सासचं काहीच बिघडवलं नव्हतं. त्याचा प्रतिनिधी दुसऱ्या राज्यातल्या भांडणात गेला.

या सगळ्यात इंडियानाची नोंद घ्यायला हवी. तिथल्या राज्य सिनेटमध्ये रिपब्लिकनांचं प्रचंड बहुमत. वॉशिंग्टनमधून जबरदस्त दबाव. तरी डिसेंबर २०२५ मध्ये ३१ विरुद्ध १९ मतांनी नवा नकाशा फेटाळला गेला आणि विरोधात मत देणाऱ्यांत रिपब्लिकन सिनेटरच जास्त होते.

सिनेट आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर याचा परिणाम होतो का?

काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहावर, म्हणजे सिनेटवर, नाही; तिथे अख्खं राज्य हाच मतदारसंघ. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं आपल्या वाट्याची काही निर्वाचक मतं (अध्यक्ष ज्या मतांवर निवडला जातो ती) काँग्रेसच्या मतदारसंघांनुसार देतात, तेवढ्यापुरता होतो.

स्वतंत्र आयोग नेमले तर प्रश्न सुटतो का?

बराच सुटतो, पूर्ण नाही.

आयोवाची पद्धत सगळ्यात साधी. १९८० पासून तिथे विधिमंडळाच्या सेवेतले निःपक्ष कर्मचारी नकाशा करतात आणि त्यांना पक्षनिहाय मतदान किंवा विद्यमान खासदारांचे पत्ते पाहायची मनाई आहे. ॲरिझोनाच्या मतदारांनी २००० मध्ये सार्वमताने आयोग आणला, आणि विधिमंडळाने त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळलं. कॅलिफोर्नियाच्या आयोगात १४ साधे नागरिक असतात : पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार दोन्हींत नसलेले.

मिशिगनची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही या राजकारणाबाहेरच्या तरुणीने फेसबुकवर विचारलं, की आपल्या राज्यातलं जेरीमँडरिंग संपवायला कुणी माझ्यासोबत येईल का. त्यातून स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली, लाखो सह्या जमल्या आणि २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी १३ जणांच्या नागरिक आयोगाला मंजुरी दिली. त्या आयोगाच्या पहिल्या नकाशावर २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून श्री ठाणेदार निवडून आले, बेळगावात वाढलेले मराठी माणूस. मराठी मंडळींना त्याचा आनंद होणं साहजिक आहे. पण त्याच निवडणुकीने बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला १९५० च्या दशकानंतर प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, ही खंत तिथे उघड बोलली गेली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने आयोगाने आखलेले डेट्रॉइट परिसरातले विधिमंडळाचे १३ मतदारसंघ, वंशाचा निकष अति वापरला म्हणून, रद्दही केले. प्रामाणिक हेतूने काढलेली रेषाही कुणाला तरी कापतेच. फरक हा, की मिशिगनमध्ये सुनावण्या उघड्यावर झाल्या आणि चूक दाखवायला जागा होती.

ओहायोत उलटं झालं. सुधारणा कागदावर होत्या, पण आयोगात राजकारणीच बसले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा पुन्हा नकाशे रद्द केले तरी निवडणुका तसल्याच नकाशांवर झाल्या. २०२४ मध्ये नागरिक आयोगाचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला तेव्हा त्याचा सारांश असा लिहिला गेला की जणू हा प्रस्तावच जेरीमँडरिंग करायला लावणार आहे. प्रस्ताव पडला.

आम्ही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहोत. मत नाही, मग आमचा काय संबंध?

आहे. जनगणनेत त्या ठिकाणी राहणारा प्रत्येक जण मोजला जातो, नागरिक असो वा नसो. तुमच्या कुटुंबाची चार माणसं तुमच्या मतदारसंघाच्या लोकसंख्येत धरलेली आहेत. सीमा ठरवताना अनेक राज्यं जनसुनावणी घेतात आणि 'आमची शाळा, देऊळ, बाजार, रेल्वे स्टेशन सगळं एकत्र आहे, आम्हाला दोन मतदारसंघांत फोडू नका' असं म्हणायला मताधिकार लागत नाही. भारतीय वस्ती दाट असलेल्या उपनगरांना हे फार उपयोगी आहे. वस्ती फुटली की तिचे प्रश्न, मग ते व्हिसाचे असोत की शाळांचे, कुठल्याच खासदाराच्या यादीत वर येत नाहीत.

भारतात असं होत नाही का?

रचना वेगळी आहे. लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो, त्याचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याला घटनेच्या कलम ३२९ ची आडकाठी आहे. राज्यांच्या वाट्याच्या लोकसभेच्या जागा तर १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांना या विषयाची जवळची ओळख आहे ती महापालिकांच्या प्रभाग रचनेमुळे. मुंबई वगळता प्रभाग किती सदस्यांचा असावा हे सत्तेबरोबर बदलत आलं आहे आणि हरकती-सूचनांच्या वेळी कुठली वस्ती कुठून तोडली यावरून होणारे वाद सगळ्यांनी पाहिले आहेत.

कायमचा उपाय काय?

केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांवर एकाच वेळी बंदी, हा सरळ उपाय. 'फॉर द पीपल ॲक्ट'मध्ये तशी तरतूद होती. मार्च २०२१ मध्ये तो प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला.

दुसरा उपाय जास्त मूलगामी. तीन ते पाच खासदारांचे मोठे मतदारसंघ करायचे आणि पसंतीक्रमाने मतदान घ्यायचं. मग ४० टक्के मतांना साधारण ४० टक्के जागा मिळतातच, रेषा कुठेही ओढा. १९६७ च्या केंद्रीय कायद्याने एका मतदारसंघातून एकच खासदार बंधनकारक केला आहे, म्हणजे आधी तो कायदा बदलावा लागेल. घटना बदलावी लागणार नाही. मला स्वतःला हाच मार्ग खरा वाटतो, कारण त्यात पेन्सिल धरणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर फार विसंबावं लागत नाही.

माझा मतदारसंघ असाच पक्का बांधलेला आहे. मत देऊन उपयोग काय?

आधी प्राथमिक निवडणुकीत मत द्या. बांधलेल्या मतदारसंघात खासदार तिथेच निवडला जातो. काही राज्यांत त्यासाठी पक्षाकडे नोंदणी लागते आणि तिची मुदत कित्येक आठवडे आधी संपते, तेव्हा आपल्या राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर तारीख आत्ताच पाहून ठेवा.

मग राज्याच्या निवडणुकांकडे वळा. गव्हर्नर राज्यभरातून निवडला जातो, त्याला कुठल्याही मतदारसंघाची रेषा लागू नाही, आणि बहुतेक राज्यांत तो नकाशावर नकाराधिकार वापरू शकतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जिथे निवडून येतात तिथेही तेच. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२३ च्या अशाच एका निवडणुकीने न्यायालयाचं बहुमत बदललं, डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे जुने नकाशे रद्द झाले आणि २०२४ ची निवडणूक नव्या नकाशांवर झाली. त्या न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर खूप खाली होतं का वर, याने फरक पडला नाही. लोक त्या एका जागेसाठी मतदानाला आले होते.

पुढची जनगणना १ एप्रिल २०३० ला आहे. त्यानंतरच्या सीमा जी विधिमंडळं आखतील, त्यांतल्या बऱ्याच आमदारांची निवड २०२८ आणि २०३० मध्ये होईल.